तांब्याचे सिंक आणि आठवीचे गणित

शाळेच्या मागच्या अंगणातल्या उद्योगाच्या खोलीचे काय करायचे, हा विषय सध्या विश्वस्तांपुढे आहे, हे बऱ्याच पालकांच्या कानावर आले असेल. तिथली लाकडी बाके, करवती, गंजलेल्या कानशी आणि बाकाला बसवलेले ते दोन जड व्हाइस काढून टाकावेत आणि तिथे आणखी एक स्मार्ट क्लास करावा, असे एक मत आहे. मत वाईट नाही. खोली वर्षातले दहा महिने कुलुपात असते, पावसाळ्यात गळते आणि तिच्यासाठी नेमलेले शिक्षक निवृत्त झाल्यानंतर दुसरे आलेले नाहीत. तरीही या मताला माझा विरोध आहे. विरोधाचे कारण माझ्या धंद्यातून आले आहे, म्हणून आधी धंद्याविषयी चार शब्द सांगतो.

मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. माझी मुलगी आता आठवीत आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी हाताने घडवलेली तांब्याची सिंक बनवतो. हे सांगितले की बहुतेक लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "सिंक? तांब्याचे? कोण घेतं?" ज्यांच्या घरात अजून आजीचे घंगाळ माळ्यावर पडलेले आहे त्यांनी तरी हसू नये. घंगाळाला चौकोनी केले, खाली भोक पाडले आणि ओट्यात बसवले की झाले सिंक. आंघोळीचा बंब, घंगाळ, पाण्याचा हंडा, कळशी हे सगळे एकेकाळी तांबटाच्या हातून येत होते. स्टेनलेस स्टील आले, गिझर आले, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि तांबे देवघरात जाऊन बसले. आता ते पुन्हा बाहेर येते आहे, पण वेगळ्या दाराने. बंगले बांधणारे लोक, हॉटेले, वास्तुरचनाकार आणि परदेशात पाठवणारे व्यापारी ही आमची गिऱ्हाइके. संख्येने थोडी, पण निवडून घेणारी.

या कामात जगात ज्या गावाचे नाव आधी घेतात ते आपल्याकडचे नाही. मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतात सांता क्लारा देल कोब्रे नावाचे गाव आहे. स्पॅनिशमध्ये 'कोब्रे' म्हणजे तांबे. स्पॅनिश लोक येण्याआधीपासून तिथले पुरेपेचा लोक धातुकामात तरबेज होते. पुढे सोळाव्या शतकात वास्को दे किरोगा नावाच्या बिशपने भोवतालच्या एकेका गावाला एकेक हस्तकला नेमून दिली आणि या गावाच्या वाट्याला तांबे आले, असे तिथे मानतात. विजेच्या जुन्या तारा आणि मोडीचे तांबे वितळवून त्याचा गोळा करायचा, तो तापवून सहा-सात जणांनी घेरून घणाने ठोकायचा आणि त्यातून भांडे उभे करायचे, ही त्यांची रीत. आज तिथून सिंक, वॉशबेसिन, अगदी आंघोळीचे टबसुद्धा अमेरिकेत जातात. अमेरिकेत पुढची बाजू उघडी दिसणारी रुंद, खोल सिंक लोकांना आवडतात. त्यांना 'फार्महाउस सिंक' म्हणतात.

पण मला त्या गावाची आठवण होते ती वेगळ्या कारणाने. १९७० च्या दशकात तिथे जेम्स मेटकाफ हे अमेरिकन शिल्पकार आणि आना पेयिसेर या मेक्सिकन शिल्पकार यांनी कारागिरांसाठी शाळा उभी केली. वंशपरंपरेने ठोकणाऱ्या लोकांना चित्र काढायला, आकार आखायला, नवे काही घडवायला तिथे शिकवले. हात पूर्वीपासून होतेच, शाळेमुळे त्यांना नवे गिऱ्हाईक समजू लागले. गावात तांब्याचे संग्रहालय आहे आणि दर ऑगस्टमध्ये तांब्याची मोठी जत्रा भरते.

आपल्याकडेही हात आहेत. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची. तिथले मठारकाम, म्हणजे गुळगुळीत हातोडीने एकाशेजारी एक असे हजारो ठोके देऊन पत्र्याला ताठ आणि चकचकीत करणे, अजून चालू आहे. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेरांच्या भांडीकामाला युनेस्कोने २०१४ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आपल्या गुजरातेत कंसारा समाज आहेच आणि विसनगर, शिहोर ही गावे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखली जातात. माझ्याकडचे मोठे कारीगर कंसारा आहेत. ते माझ्याशी गुजरातीत बोलतात, मी पुण्याच्या तांबटाशी मराठीत बोलतो, आणि भावपत्रक इंग्रजीत जाते. बडोद्याच्या मराठी मुलाला या तिन्ही भाषा शिकवणी न लावता येतात. ही आपली केवढी मोठी पुंजी आहे हे आपण कधी मोजतच नाही. असो.

वारसा म्हणून कौतुक पुष्कळ होते, पण व्यवहारात या लोकांकडे लक्ष कमी जाते, हेही खरे. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत लोहार, सोनार, कुंभार, सुतार होते. तांबट किंवा कंसारा असे वेगळे नाव त्यात नव्हते.

आता काम कसे चालते ते सांगतो. विद्यार्थी मित्रांनो, इथे तुमचे विज्ञानाचे पुस्तक जवळ ठेवा. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो आणि एका मर्यादेनंतर ठोके घेत नाही, फाटतो. मग त्याला भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीने मंद लाल होईपर्यंत तापवायचे. तापवले की तो पुन्हा मऊ. गरम पत्रा पाण्यात बुडवला तरी मऊच राहतो, फक्त वरची काळी पपडी झडते आणि वेळ वाचतो. पोलादाचे मात्र उलट. लाल पोलाद पाण्यात बुडवले तर कडक होते. का, हे तुमच्या सरांना विचारा. माझे कंसाराकाका ते सांगू शकणार नाहीत, पण पत्रा किती तापला ते रंगावरून अचूक ओळखतील. दोघांचे ज्ञान एका खोलीत आणता आले तर काय बहार होईल!

सिंकासाठी पत्रा फुलीच्या आकारात कापतात, बाजू उभ्या वाकवतात, कोपरे वेल्डिंगने जोडतात आणि जोड घासून, ठोकून असे बसवतात की बोट फिरवले तरी कळू नये. मग मठारकाम. यात एक खुबी आहे. प्रत्येक ठोक्याने धातू थोडासा पसरतो. ठोक्यांचा क्रम चुकला तर तळ मध्येच फुगतो, आणि तळ फुगला की पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात साचते. दिसायला सिंक सुरेख, पण रोज संध्याकाळी घरातली बाई हाताने पाणी लोटणार. म्हणून तळाला भोकाकडे उतार राखत ठोकणे हे या कामातले खरे कसब. नवशिक्याला ते यायला दोन-तीन वर्षे जातात. शेवटी आंबवणी किंवा सौम्य आम्लाने धुणे, रंग चढवणे आणि मेणाचा हात. (आपल्या शाळेच्या पिंपळावर उन्हाळ्यात 'टुक टुक टुक' करत बसणारा छोटा हिरवा पक्षी पाहिला आहे ना? त्याचे नाव तांबट. लांबून ऐकले तर गाळ्यातला आवाज अगदी तसा येतो. जवळून मात्र कानाला बोळे लागतात. जुन्या कारागिरांपैकी अनेकांना ऐकू कमी येते, हे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.)

हे झाले हातांचे काम. धंदा बुडतो तो मात्र हातांमुळे नाही, हिशेबामुळे बुडतो. आणि हा हिशेब आठवीच्या गणिताच्या पलीकडचा नाही. करूनच पाहू.

सिंक ७५ सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि २२.५ खोल. तळ ७५ गुणिले ५०, म्हणजे ३,७५० चौरस सेंटिमीटर. चार भिंती म्हणजे परिमिती गुणिले खोली, २५० गुणिले २२.५, म्हणजे ५,६२५. वर चार सेंटिमीटरची कड, ती सुमारे १,०००. एकूण १०,३७५. पत्रा १.६ मिलिमीटर जाड, म्हणजे ०.१६ सेंटिमीटर. गुणाकार केला की १,६६० घन सेंटिमीटर. तांब्याची घनता ८.९६. म्हणजे १४,८७४ ग्रॅम, पंधरा किलो धरा. फुलीच्या आकारात कापताना कोपरे वाया जातात, म्हणून पत्रा अठरा किलो घ्यावा लागतो.

भाव रोज हलतो, पण हिशेबाच्या सोयीसाठी पत्रा १,००० रुपये किलो धरू. अठरा हजारांचा पत्रा. दोन कारीगर तीन दिवस, म्हणजे सहा रोज, रोजाचे १,००० धरले तर सहा हजार. झाले चोवीस हजार. आता नवखा माणूस काय करतो? चोवीस हजारांवर दहा टक्के चढवतो, २६,४०० रुपये भाव सांगतो आणि दर सिंकामागे चोवीसशे सुटले म्हणून खूश होतो.

आता खरा हिशेब. कोपऱ्यांची तीन किलो मोड ७०० रुपये भावाने परत गेली, म्हणजे २,१०० वजा. धातू पडला १५,९०० ला. मजुरी सहा हजार. गॅस, वेल्डिंगची कांडी, आम्ल, पॉलिश, मेण मिळून १,८००. लाकडी खोक्यात बांधणी १,५००. गाळ्याचे भाडे, वीज, हत्यारांची झीज महिन्याला चाळीस हजार धरली आणि दोन कारीगर महिन्यात आठ सिंक करतात, तर प्रत्येकी पाच हजार. बेरीज ३०,२००. विसातले एक सिंक जोडात फाटते किंवा रस्त्यात चेपते, त्याचे पाच टक्के, १,५१०. पत्रा घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तीन महिने जातात. तीस हजारांवर महिना एक टक्का व्याज, ९००. आता ३२,६१० झाले. आणि मालक? तो सकाळी आठपासून गाळ्यात आहे, गिऱ्हाइकाकडे मापे घ्यायला जातो, रात्री बिले करतो. त्याला महिना बत्तीस हजार तरी नकोत का? आठाने भागा, चार हजार. एकूण ३६,६१०. यात नफा अजून एक पैसा धरलेला नाही आणि कर वेगळा.

म्हणजे २६,४०० ला विकणारा माणूस दर सिंकामागे दहा हजारांची खोट खातो आहे आणि त्याला ते कळत नाही. कारण खोट त्याच्या स्वतःच्या मजुरीतून, बायकोच्या फुकटच्या मदतीतून आणि न भरलेल्या भाड्यातून जाते. वर्ष-दोन वर्षांनी तो गाळा बंद करतो आणि म्हणतो, "हाताच्या कामाला किंमत राहिली नाही." किंमत त्यानेच लावलेली नसते. पुण्या-बडोद्यातले कितीतरी चांगले कारीगर असे गेले. माझे स्पष्ट मत आहे की हस्तकलेला यंत्राने जितके मारले नाही तितके अपुऱ्या हिशेबाने मारले.

धातूच्या भावाचेही पाहा. मार्च २०२० मध्ये लंडनच्या बाजारात तांबे टनाला पाच हजार डॉलरच्या खाली होते. मे २०२४ मध्ये ते अकरा हजारांवर गेले. चार वर्षांत दुपटीहून अधिक. अशा मालाचा भाव आज सांगून पत्रा महिन्याने घ्यायचा म्हणजे जुगार. दहा टक्के भाव चढला की एका सिंकात अठराशे रुपये गेले. त्यावर उपाय साधा आहे. भावपत्रकावर 'सात दिवसांपुरते' असे लिहायचे, निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची आणि त्याच दिवशी पत्रा उचलायचा. चाळीस हजारांच्या सिंकाची निम्मी रक्कम वीस हजार, पत्रा अठरा हजारांचा. मग भाव कुठेही जावो. आपल्या मराठी घरांत मात्र आगाऊ पैसे मागायला संकोच वाटतो. "ओळखीचे आहेत, कसे मागायचे?" ओळखीच्यांनीच माझे पैसे सर्वांत जास्त दिवस अडकवले आहेत, एवढेच सांगतो. एका बांधकाम व्यावसायिकाने सहा सिंकांची बाकी चौदा महिने दिली नव्हती. लहान उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असा कायदा २००६ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही आला की वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. तरीही हे सांगायला गेले की समोरचा म्हणतो, "पुढची ऑर्डर नको का?" अशा वेळी हो म्हणायचे की नाही, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. ते मुलांनी कुणाकडून तरी ऐकले पाहिजे.

विक्रीतल्या खरेपणाविषयीही थोडे बोलले पाहिजे. तांब्यावर जंतू मरतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांब्याच्या काही मिश्रधातूंच्या पृष्ठभागांवर ठराविक जिवाणू दोन तासांत ९९.९ टक्क्यांहून अधिक मरतात, असा दावा करायला मान्यता दिली. पण अट अशी की पृष्ठभाग नेमाने स्वच्छ केलेला असावा आणि त्यावर मेण, वार्निश, रंग काही नसावे. आमच्या सिंकावर मेण असते, काहींच्यावर लॅकर. म्हणजे तो दावा आम्हाला लागू नाही, आणि मी तो करत नाही. बाजारात मात्र लॅकर मारलेले सिंक 'जंतुनाशक' म्हणून खुशाल विकले जाते. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण सांगून सिंक विकणारेही आहेत. सिंकातले पाणी कुणी पीत नाही, एवढा तरी विचार घेणाऱ्याने करावा.

खरे सांगायचे तर तांबे रंग बदलते. नवे सिंक गुलाबी-लाल असते, मग तपकिरी होते, पुढे काळसर. रात्री त्यात लिंबाची फोड राहिली तर सकाळी तिथे लख्ख ठिपका दिसतो. चिंचेने देवाची भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला याचे नवल वाटणार नाही. काही दिवसांत तो ठिपका आपोआप भोवतालच्या रंगात मिसळतो. हे गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांगितले तर त्याला गंमत वाटते, नंतर सांगितले तर तो तक्रार करतो. ज्याला कायम एकाच रंगाचे हवे त्याला मी सरळ स्टीलचे सिंक घ्यायला सांगतो. माझे गिऱ्हाईक जाते, नाव राहते.

यंत्राचे म्हणाल, तर यंत्राशी माझे भांडण नाही. पत्रा मी यंत्रावर कापतो, जोड विजेच्या वेल्डिंगने करतो. भांडण आहे ते नक्कल करणाऱ्याशी. साच्यात दाबून ठोक्यांची नक्षी उमटवलेली सिंक 'हाताने घडवलेली' म्हणून विकली जातात. ओळखायची सोपी युक्ती सांगतो. एक ठोका निवडा आणि तसाच दुसरा कुठे आहे का ते शोधा. नक्षी काही अंतरावर हुबेहूब पुन्हा आली तर तो साचा. माणसाच्या हाताला एकसारखे दोन ठोके देता येत नाहीत.

आता पालकांच्या मनातल्या गोष्टीकडे येतो. "आम्ही मुलांना इतकी फी भरून हातोडी मारायला पाठवतो का?" असे एका पालकांनी मला तोंडावर विचारले. प्रामाणिक प्रश्न आहे. आपण बडोद्याचे मराठी लोक गायकवाडांच्या चाकरीत आलो. कारकून, शिलेदार, शिक्षक, मामलेदार. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तशी दरबारची नोकरी गेली आणि बँक, रेल्वे, रिफायनरी आली. नोकरीने आपल्याला स्थिर ठेवले, शिकवले, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण हाताचे काम हलके, ते अमुक जातीचे, ही समजूतही आपण सोबत आणली आणि अजून टाकलेली नाही. माझ्या नात्यातली माणसे लग्नाच्या बोलणीत माझा 'मेटलचा बिझनेस' सांगतात. तांब्याची सिंक ठोकतो असे सांगत नाहीत!

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. तंत्रशिक्षण देशी भाषांतून मिळावे हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे त्याच कलाभवनातून विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा उभी राहिली, जिथे आपल्यातल्या अनेक घरांची मुले आज इंजिनिअर होतात. रंगकाम, विणकाम, सुतारकाम राजवाड्याच्या गावात शिकवायला महाराजांना कमीपणा वाटला नाही. १३० वर्षांनंतर आपल्याला वाटावा?

माझे म्हणणे प्रत्येकाने कारखाना काढावा असे नाही. चाळीसातला एकही तांब्याकडे वळला नाही तरी चालेल. पण चाळीसही जणांना एका वस्तूची किंमत तळापासून काढता यावी. पुढे ती मुले बँकेत बसतील तेव्हा एखाद्या लोहाराच्या कर्जाच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने बघतील, वास्तुरचनाकार झाली तर कारागिराशी घासाघीस करताना थांबतील. आणि एखादी मुलगी खरोखर गाळा घेईल, तर पहिल्या वर्षी बुडणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. हे दहा दिवस सहलीत आणि भाषणांत घालवणे सोपे आहे, बऱ्याच ठिकाणी तेच होते. उद्योगाची खोली ठेवली तर आपल्याला तसे करावे लागणार नाही. स्मार्ट क्लासही हवाच. पण तो दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या भूगोल कक्षात होऊ शकतो, तिथे आज फक्त मोडके पृथ्वीगोल आहेत. उलट भूगोल कक्षात हातोडी चालवता येणार नाही, खालच्या वर्गाला शिकताच येणार नाही.

विश्वस्तांपुढे ठेवायला माझा प्रस्ताव असा. छपराची दुरुस्ती शाळेने करावी. पहिल्या वर्षी फक्त आठवी, दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दहा दिवस. प्रत्येकाने एक लहान वाटगा करायचा. ०.७ मिलिमीटरचा, आधीच तापवून मऊ केलेला पत्रा, १८ सेंटिमीटरचा चौकोन. त्यातून गोल कापला की साधारण १६० ग्रॅम राहतात आणि पाचवा हिस्सा कोपऱ्यांत जातो. तो कुठे जातो तेही मुलांनी पाहावे. चाळीस मुलांना सव्वाआठ किलो पत्रा पुरतो, तो मी देईन. भट्टी, आम्ल आणि वेल्डिंग यांपैकी काहीही मुलांच्या हाती द्यायचे नाही. लाकडी मोगरी, लाकडी साचा आणि शेवटी मठारायला हलकी हातोडी. चष्मे, हातमोजे, कानाचे बोळे शाळेने घ्यावेत आणि ते वापरल्याशिवाय कुणाला आत सोडू नये. मदतपेटी दाराशी असावी. माझे कंसाराकाका रोज दोन तास येतील. त्यांना मानधन द्यावे लागेल आणि ते पूर्ण रोजाचे असावे, 'सेवा' म्हणून नको. पालकांची लेखी संमती वर्गशिक्षिकांनी घ्यावी.

वाटगा झाला की प्रत्येकाने त्याची किंमत काढून वहीत मांडायची, स्वतःच्या तासांच्या मजुरीसकट. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याच किमतीला तो विकायला ठेवायचा, एक रुपया कमी नाही. पालकांनी घासाघीस करून पाहावी. बघू कोण नमते.

पहिल्या दिवशी मात्र हातोडी नाही. पट्टी, वही आणि पत्र्याचा एक तुकडा. त्याचे वजन न करता किती भरेल ते आधी लिहायचे. तराजू मी घेऊन येईन.

– एक माजी विद्यार्थी व पालक